बॉडी कुणाची, चासी कुणाची

१३ मार्च १९३० च्या संध्याकाळी ‘ब्लू ट्रेन’ ही श्रीमंतांची आगगाडी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कान शहरातून कॅले बंदराकडे निघाली. त्याच सुमारास वुल्फ बार्नाटोनं आपली बेंटली स्पीड सिक्स रस्त्यावर काढली. बार्नाटो हा बेंटली कंपनीचा अध्यक्ष होता आणि १९२८ व १९२९ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यानं ल मां शर्यत जिंकलेली होती. नुसतं आगगाडीच्या पुढे जाण्यात त्याला काही विशेष वाटत नव्हतं. गाडी कॅलेला पोचायच्या आत आपण लंडनमध्ये असू, अशी पैज त्यानं मारली. वाटेत धो धो पाऊस लागला, धुकं लागलं, टायर पंक्चर झालं, शिवाय बोटीनं खाडी ओलांडायची होती. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी तो लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या आपल्या क्लबात हजर होता. ब्लू ट्रेन कॅलेला लागली ती त्यानंतर चार मिनिटांनी.

पुढे कित्येक दशकं सगळेजण एका विशिष्ट गाडीकडे बोट दाखवून सांगत राहिले की, हीच ती बेंटली. गर्नी नटिंग या लंडनच्या बॉडी-कारखान्यानं बांधलेली कूपे. छत इतकं उतरतं, की मागच्या बाजूला जेमतेम एक माणूस आडवा बसेल, आणि काचा अगदी अरुंद. टेरेन्स क्युनिओ या नामांकित चित्रकारानं ही कूपे आगगाडीशी स्पर्धा करताना रंगवली, त्या चित्राच्या प्रती घरोघर गेल्या, आणि गाडीचं नावच ‘ब्लू ट्रेन बेंटली’ पडलं.

अभ्यासकांनी तारखा जुळवायला घेतल्या तेव्हा गोष्ट अडली. या कूपेची बॉडी पुरी होऊन गाडी बार्नाटोच्या हाती आली मे १९३० मध्ये. पैज जिंकून तोवर दोन महिने झाले होते. शर्यतीत धावली ती बार्नाटोचीच दुसरी स्पीड सिक्स, एच. जे. मुलिनर यांनी बांधलेली चार दारांची, साधी, उभट सलून. दोन्ही गाड्या आज अमेरिकेत एकाच संग्राहकाकडे आहेत, हा योग मोठा छान आहे.

एवढी गाजलेली चूक इतकी वर्षं कशी टिकली? कंपनी तीच, मॉडेल तेच, मालक तोच. बोनेटपासून पुढचं सगळं सारखं. फरक होता तो फक्त बॉडीत, आणि पराक्रमाची गोष्ट दोघींपैकी देखण्या बॉडीला जाऊन चिकटली. जुन्या मोटारींच्या दुनियेत हे पुन्हा पुन्हा घडतं. म्हणून एखाद्या गाडीची बॉडी मुळात कुणाची, हे शोधण्याचं एक वेगळं शास्त्रच तयार झालं आहे.

आपल्याकडे हायवेवर नुसती चासी चालवत नेणारा ड्रायव्हर पूर्वी सर्रास दिसायचा. डोक्याला फडकं, डोळ्यांवर गॉगल, समोर काच नाही, मागे हौदा नाही. कारखान्यातून निघालेली ती ट्रकची चासी बॉडी-बिल्डरकडे जायची आणि तिथे सुतार, पत्राकाम करणारे आणि पेंटर मिळून तिचा ट्रक करायचे. दुसऱ्या महायुद्धाआधी रोल्स-रॉइस, बेंटली, ड्यूसेनबर्ग, बुगाटी यांसारख्या गाड्यांचा व्यवहार बराचसा याच पद्धतीनं चालायचा. रोल्स-रॉइस कंपनी द्यायची ती इंजिन, चाकं, रेडिएटर आणि बोनेटसकट चासी. बॉडी कुणाकडून बांधून घ्यायची हे गिऱ्हाईक ठरवायचं. लंडनचे बार्कर हे १७१० पासून घोड्यांच्या बग्ग्या बांधणारे. हूपरही मूळचे बग्गीवालेच, राजघराण्याच्या गाड्या करणारे. मोटार आली तेव्हा या लोकांनी घोडे काढले आणि कारागिरी तशीच पुढे चालवली. कारखान्यानं स्वतःच पत्र्याची तयार बॉडी चढवून विकलेली पहिली बेंटली १९४६ ची, आणि तशी पहिली रोल्स-रॉइस १९४९ ची. त्याआधीच्या प्रत्येक गाडीला दोन जन्म असतात, चासीचा एक आणि बॉडीचा एक.

शोधाची सुरुवात चासीपासून करायची, कारण तिचे कागद बरे राहिलेले असतात. बोनेट उघडल्यावर इंजिनाच्या मागच्या आडव्या भिंतीवर पितळी पट्टीवर नंबर असतो, आणि तोच चासीच्या पोलादातही ठोकलेला असतो. दोन्ही नंबर जुळतात का, हे आधी पाहायचं. रोल्स-रॉइसच्या प्रत्येक चासीचं एक कार्ड ठेवलेलं असे. चासी कुणासाठी मागवली, कुठल्या बॉडी-कारखान्याकडे कधी पाठवली, बॉडी कोणत्या प्रकारची ठरली, स्टिअरिंगचा दांडा किती तिरका हवा, गाडी कुठल्या देशात आणि कशा कामासाठी वापरली जाणार आहे, हे सगळं त्यावर लिहिलेलं सापडतं. ही कार्डं इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनशरमधल्या हंट हाउस या ठिकाणी जपून ठेवलेली आहेत. भारतात राहिलेल्या कुठल्याही जुन्या रोल्सच्या मालकानं पहिलं पत्र तिथेच टाकावं.

पण कार्ड सांगतं ते चासी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचं. पुढच्या पन्नास वर्षांत तिच्यावर काय काय चढलं-उतरलं, याची त्याला खबर नसते. श्रीमंत माणूस फॅशन बदलली की बॉडी बदलून घ्यायचा, चासी तीच ठेवायचा. उन्हाळ्यासाठी उघडी आणि थंडीसाठी बंद अशा दोन बॉड्या एकाच चासीसाठी ठेवणारेही होते. युद्धानंतर मोठ्या सलून गाड्यांना कुणी विचारीना. कितीतरी रोल्स शववाहिका झाल्या, काही गाड्या ओढण्याच्या क्रेन झाल्या. पुढे हौशी लोकांना उघड्या टूरर गाड्यांचं वेड लागलं, तेव्हा धडधाकट सलून बॉड्या कापून फेकल्या गेल्या आणि त्यांच्या जागी नव्या, जुन्यासारख्या दिसणाऱ्या टूरर बॉड्या बसल्या. माझ्या मते हे या क्षेत्रातलं सर्वांत मोठं नुकसान आहे. गंजून गेलेल्या गाड्यांपेक्षा हौशीनं मारलेल्या गाड्यांचं दुःख मला जास्त वाटतं.

म्हणून कार्ड बाजूला ठेवून बॉडीलाच विचारावं लागतं. ती बोलते, पण बाहेरून नाही.

बाहेर दिसतं ते उंबऱ्यावरचं नाव. दार उघडलं की पायाखाली पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते, तिच्यावर बांधणाऱ्याचं नाव आणि गाव कोरलेलं. मालक लोक अभिमानानं तीच दाखवतात. पण पट्टी दोन स्क्रू काढले की निघते, एका गाडीवरून दुसरीवर जाते, आणि आता तर हुबेहूब नव्या पट्ट्या विकत मिळतात. जाणकार माणूस पट्टी वाचण्याआधी ती उचलून खालचं लाकूड पाहतो. खाली स्क्रूंची जुनी, बुजवलेली भोकं असतील आणि ती या पट्टीच्या भोकांशी जुळत नसतील, तर आधी तिथे दुसरी पट्टी होती. पट्टीखालच्या लाकडाचा रंग आजूबाजूसारखाच असेल, तर ती अलीकडे लावली असणार. बरीच वर्षं झाकलेल्या जागेवर मळ आणि पॉलिश वेगळं बसतं.

खरा पुरावा आत असतो. सीटची गादी काढा, खालची फळी उचला, दाराच्या आतली चामडी लावलेली पाटी सोडवा आणि टॉर्च घेऊन तिच्या पाठीमागे पाहा. काचेखालच्या पॉलिश केलेल्या लाकडी पट्टीच्या मागच्या अंगाला, बिजागरीच्या पानाखाली, फरशीच्या फळीच्या कडेला एकच आकडा पुन्हा पुन्हा सापडतो. कुठे पोलादी पंचनं ठोकलेला, कुठे खडूनं किंवा जाड पेन्सिलीनं घाईघाईत लिहिलेला. हा बॉडी-नंबर. यामागचं कारण अगदी व्यवहारी होतं. हातानं बांधलेल्या दोन बॉड्या कधीच तंतोतंत सारख्या होत नसत. या गाडीचं दार त्या गाडीला बसत नसे. एकाच वेळी पाच-सहा गाड्या शेडमध्ये असताना सुताराकडून रंगाऱ्याकडे आणि तिथून गादीवाल्याकडे गेलेला तुकडा परत आपल्याच गाडीवर यावा, म्हणून प्रत्येक तुकड्यावर नंबर घालायचे. कारागिरांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेली ही खूण आज सर्वांत भरवशाचा दाखला ठरते, कारण ती कुणाला दाखवायला केलेलीच नव्हती. सगळ्या तुकड्यांवर एकच नंबर असेल आणि बॉडी-कारखान्याच्या एखाद्या वाचलेल्या वहीत तोच नंबर त्याच चासीसमोर असेल, तर विषय संपला. चारपैकी एका दारावर वेगळा नंबर आला, तर ते दार दुसरीकडून आलेलं आहे, असं समजायचं.

नंबर सापडला नाही, तर लाकडाकडे वळायचं. इंग्रज कारागीर सांगाड्यासाठी अ‍ॅश वापरत. चिवट आणि लवचिक असल्यानं अवजारांचे दांडेही त्याचेच होतात. त्यावर हातानं घडवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसे. त्या सांगाड्यात सागवान दिसलं, की कान टवकारायचे. बॉडी आपल्याकडची असू शकते, किंवा निदान दुरुस्ती तरी. दुसरीच शक्यता जास्त असते. वाळवी आणि पावसाळा यांनी पोखरलेला अ‍ॅशचा खांब काढून इथल्या सुतारानं त्याच मापाचा सागवानी बसवलेला असतो. मग सांधे पाहायचे. मूळ कारागिराची खाच आणि दुरुस्ती करणाऱ्याची खाच यांत हाताचा फरक कळतो.

स्क्रूसुद्धा साक्ष देतात. चौफुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू मोटारीत आला तो १९३६ च्या कॅडिलॅकपासून. १९२८ ची म्हणून दाखवलेली बॉडी उघडल्यावर लाकडात खोलवर असा स्क्रू निघाला, तर तो भाग नंतरचा आहे, त्यात दुमत नाही. आट्यांचंही तसंच. इंग्लंडमध्ये व्हिटवर्थ आणि तिच्या भावकीतल्या मापांचे आटे, फ्रान्स-जर्मनीत मिलिमीटरमधले, अमेरिकेत आणखी वेगळे. लंडनची म्हटलेल्या बॉडीत मिलिमीटरचे बोल्ट ओळीनं सापडायला लागले, तर प्रश्न विचारायलाच हवा.

बॉडी चासीवर जिथे बसते तिथेही पाहायचं. मूळची जोडी असेल तर बोल्टची भोकं एकासमोर एक येतात. चासीच्या पोलादात वापरात नसलेली भोकं दिसली, बॉडीच्या तळाशी लाकडाची ठिगळं जोडून लांबी वाढवलेली दिसली, मागच्या चाकाचा मध्य आणि मडगार्डच्या कमानीचा मध्य दोन बोटं चुकला, की बॉडी परकी आहे असं समजून पुढचा तपास करायचा.

रंगाचे थर डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या मुठीखालच्या चकतीच्या आड, अशा कधीच न घासलेल्या जागी शोधायचे. तिथला सगळ्यात खालचा थर कार्डावर लिहिलेल्या रंगाशी जुळला, तर मोठा आधार मिळतो.

हे सगळं सोडून बरेच लोक नुसत्या आकारावरून निर्णय देतात. रेषा पाहून ‘ही गर्नी नटिंगचीच’ म्हणणारे जाणकार मला प्रत्येक मेळाव्यात भेटतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतात. तरी आकाराला मी शेवटचा पुरावा मानतो. गर्नी नटिंगच्या गाजलेल्या रेषा ज्यानं काढल्या, तो ए. एफ. मॅकनील १९३७ मध्ये जेम्स यंग या दुसऱ्या कारखान्यात गेला. हात तोच, शेड वेगळी. न्यूयॉर्कच्या लबॅरनची गोष्ट तर याहून मजेची. १९२० मध्ये टॉम हिबर्ड आणि रे डिट्रिक या दोन तरुणांनी हे नाव काढलं, फ्रेंच वाटावं म्हणून. लबॅरन नावाचा माणूस कुणी नव्हता, आणि सुरुवातीला स्वतःची शेडही नव्हती. ते आराखडे करायचे, बांधायचे दुसरे. ड्यूसेनबर्गच्या काही गाड्यांवर ‘ला ग्रांद’ हे नाव असतं. ते कंपनीनं स्वतःच ठेवलेलं लेबल होतं, बॉड्या दुसरीकडे बांधल्या जात. तेव्हा आराखडा कुणाचा, बांधणी कुणाची आणि नाव कुणाचं, हे तीन प्रश्न वेगळे ठेवायचे.

परवान्यांमुळे घोळ आणखी वाढतो. चार्ल्स वेमन या वैमानिकानं विसाच्या दशकात विमानबांधणीतून एक युक्ती आणली. लाकडाचे दोन तुकडे एकमेकांना टेकूच द्यायचे नाहीत, मध्ये थोडी फट ठेवून पोलादी पट्ट्यांनी जोडायचे. गाडी खडबडीत रस्त्यावर पिळवटली तरी लाकडावर लाकूड घासत नाही, करकर होत नाही. वरून पत्र्याऐवजी कातड्यासारखं कापड. ही पद्धत अनेक कारखान्यांनी परवाना घेऊन वापरली, आणि त्या बॉड्यांवर वेमनची पट्टी असते. पट्टी वाचून ‘वेमननं बांधली’ म्हणणं चूक. बारीक नळ्यांच्या सांगाड्यावर पातळ पत्रा चढवण्याची ‘सुपरलेजेरा’ पद्धत मिलानच्या टूरिंग कंपनीची. पण १९५८ पासूनच्या अ‍ॅस्टन मार्टिन डीबी४ वर हे नाव दिसतं, आणि त्या बॉड्या इंग्लंडमध्येच बनल्या.

आता एक अशी गाडी, जिच्यापुढे हे सगळं शास्त्र अर्ध्यावर थांबतं. लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयात एक काळी रोल्स-रॉइस फँटम वन आहे. तिची दारं गोल आहेत, अक्षरशः वर्तुळाकार, आणि दाराच्या काचा मधोमध दुभंगून कात्रीच्या पात्यांसारख्या खाली उतरतात. मागे उंच शेपटासारखा पर, पुढे मागे कललेला रेडिएटर. १९३४ मध्ये बेल्जियमच्या योंकीर कंपनीनं ही बॉडी बांधली. आधी घोडागाड्या आणि मग बसच्या बॉड्या करणारे हे लोक, पण ही एक गाडी त्यांनी अशी काही केली, की १९३६ मध्ये कानच्या सौंदर्यस्पर्धेत तिला मानाचं बक्षीस मिळालं.

चासीचा नंबर ७६ टी.सी. त्यावरून मागे गेलं, की गाडी १९२५ ची निघते आणि तिच्यावरची पहिली बॉडी हूपरची. उघडी-बंद करता येणारी कॅब्रिओले, डेट्रॉइटच्या मिसेस ह्यू डिलमन यांच्यासाठी बांधलेली. त्यांनी गाडी ताब्यात घेतलीच नाही, आणि ती नानपाऱ्याच्या राजांकडे गेली. नानपारा म्हणजे अवधमधली, बहराइच जिल्ह्यातली तालुकदारी. पुढे चासी बेल्जियमला पोचली, हूपरची बॉडी उतरली आणि गोल दारांची चढली. इथवर माग लागतो. पण ही गोल दारं कुणाच्या डोक्यातून निघाली? योंकीरच्या कारखान्याला आग लागली आणि त्यांचे कागद जळाले. गाडी पुढे अमेरिकेत भंगारात पडली, एकानं तिला सोन्याचा मुलामा देऊन जत्रेतल्या खेळण्यासारखी फिरवली, मग जपान, मग संग्रहालय. इतक्या हातांतून गेलेल्या गाडीचं सगळं काही आज माहीत आहे, फक्त आराखडा करणाऱ्याचं नाव सोडून. मला हे फार लागतं. मालकांची नावं राहिली, आणि ज्यानं पेन्सिल हातात घेऊन हे वर्तुळ काढलं तो गेला.

उलट टोकाला इंदूरची ड्यूसेनबर्ग. यशवंतराव होळकर दुसरे हे नव्या कलेचे खरे दर्दी होते. माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून अगदी आधुनिक पद्धतीनं बांधून घेतला. त्यांनी अमेरिकेतून सुपरचार्जर लावलेली ड्यूसेनबर्ग एसजे चासी घेतली, कंपनीच्या मते ३२० अश्वशक्तीची, आणि ती लंडनला गर्नी नटिंगकडे पाठवली. आराखडा मॅकनीलचा, रंग केशरी आणि काळा. अमेरिकन यंत्र, इंग्रज बॉडी, मराठी राजा. या गाडीबद्दल वाद नाही, कारण ती इतकी वेगळी होती, की छायाचित्रं, पत्रव्यवहार आणि लेखन सगळ्यांनी तिला पहिल्या दिवसापासून धरून ठेवलं.

आपल्याकडच्या बाकीच्या संस्थानी गाड्यांना हे भाग्य नाही. कोल्हापूर, सांगली, औंध, बडोदा, ग्वाल्हेर या घराण्यांच्या नावानं आज कितीतरी गाड्या सांगितल्या जातात, आणि बहुतेकांचा पुरावा म्हणजे एखादा फोटो आणि ‘आजोबा सांगायचे’ एवढाच. कलकत्त्याचे स्टुअर्ट, मद्रासचे सिम्पसन यांसारखे बॉडी-कारखाने भारतातही होते, आणि त्यांचं काम आजही विलायती म्हणून खपतं. नाव विलायती असलं की किंमत चढते, म्हणून कुणी खोलात जात नाही. हे बदलायला हवं. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात दरबारचे कागद आहेत. मोटार, तिचा टप, तिच्या गाद्या, रंगकाम, ड्रायव्हरचा पगार हे खर्च कुठल्या तरी जमाखर्चात पडलेच असणार, आणि काही मोडीत. मोडी वाचणारे आणि मोटारी ओळखणारे लोक आपल्याकडे दोन्ही आहेत, पण ते एका टेबलावर बसत नाहीत.

आणि ज्यांच्या घरी अशी गाडी आजही आहे, त्यांना एक विनंती. रिस्टोरेशनला देण्याआधी प्रत्येक पाटी उघडून आतल्या बाजूचा फोटो काढा. कुजलेलं लाकूड काढून टाकायला गॅरेजवाला सांगेल, तेव्हा ते जळणात जाऊ देऊ नका. ज्या तुकड्यावर आकडा आहे तो नंबर घालून, पिशवीत भरून ठेवा. नवीन लाकडावर तो आकडा पुन्हा ठोकायचा मोह आवरा. नवीन तुकड्यावर नवीन साल घाला आणि जुना तुकडा गाडीबरोबर पुढच्या मालकाला द्या.